पिसाला पीस

पिसं जळल्याचा वास मला अंगणात पाय टाकायच्या आधीच आला. कोंबडी कापली असेल म्हणावं तर तो सोमवार होता, आणि सोमवारी आमची आक्का चुलीला वशाट लावत नाही.

मी विट्याहून येत होतो. तिथल्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर संयोगिता यांनी सांगितलं होतं, "हरिबा, गुरुवारी सोडायचं. पाखरू तयार आहे."

पाखरू म्हणजे भोवत्या. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचं, गवताच्या शेंड्यांवरून खालून खालून तरंगत जाणारं. थंडीत उत्तरेकडून येतं, आमच्या माळावर उंदीर आणि नाकतोडे खातं आणि शिमगा झाला की परत जातं. ही तपकिरी मादी होती. डाळिंबाच्या बागेला मारलेल्या काटेरी तारेत अडकून तिच्या पंखाचं कातडं फाटलं होतं, पण हाड शाबूत होतं. वनखात्याच्या माणसानं ती डॉक्टरांकडं आणली. त्यांनी टाके घातले आणि सांभाळायला माझ्याकडं दिली, कारण माझा मेंढरांचा वाडा रिकामा होता. माझ्या बायकोच्या, राहीच्या, आजारपणात मेंढरं गेली. नंतर राहीही गेली. वाडा तेवढा राहिला. त्यावर वरून आणि बाजूनं जाळी मारली की पाखराला या टोकापासून त्या टोकापर्यंत उडता येतं. गावातली पोरं चेष्टा करायची, "मेंढरं इकली आन् आता उंदरं धरत फिरतंय." करू देत. सकाळी उठायला एक कारण होतं.

आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. धोंडुबाई, माझी थोरली बहीण. राही आजारी पडली तेव्हापासून माझ्याकडंच असते.

"कसला वास गं?"

"काय न्हाई. तुझं पाखरू पळालं हुतं."

मी होतो तिथंच उभा राहिलो.

"घावलं, घावलं! भ्यायचं काम न्हाई. मी झाडायला आत गेले, दाराला दगड लावायचा राह्यला, आन् ते डोक्यावरनं भुर्रदिशी भायेर. बसलं जाऊन कुडावर. खाली दोन कुत्री टपलेली. मग टाकलं घोंगडं आन् धरलं. ह्या वयात बघ!" आक्का हसली. तिच्या मनगटावर नख्यांचे ओरखडे होते, त्यावर तिनं हळद दाबली होती. "आता न्हाई जायाचं ते कुठं. तू येईस्तोवर ऱ्हावं म्हणून पंख कातरला."

"काय केलं?"

"आरं, एकाच बाजूचा. कोंबडीचा कातरतो तसा. दोनी न्हाई कातरायचं, एकच. मग तोल जातो, उडत न्हाई. रगात न्हाई का काय न्हाई. पिसं चुलीत घातली, न्हाई तर अंगणभर हुत्यात."

मी वाड्यात गेलो. पाखरू खाली मातीत बसलं होतं. मला बघून ते उठलं आणि खुंटावर जायला झेपावलं. डावा पंख उघडला तो पुरा उघडला. उजवा अर्ध्यातच संपला. ते एका कुशीवर कललं, भिंतीला घासलं आणि खाली पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. टोकाची सगळी मोठी पिसं चार बोटं ठेवून सरळ कातरली होती. मेंढरांची लोकर कातरायची कातर होती ती. धार चांगली असते तिला.

डॉक्टर संध्याकाळी स्कूटरवरून आल्या. कोरेगावकडच्या उसाच्या शिवारात वाढलेली बाई, पण आमच्या कुसळाच्या रानात दहा वर्षं काढलेली. मी पाखरू फडक्यात धरलं. त्यांनी पंख उघडून बघितला आणि कातरलेल्या टोकांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"सहा पिसं," शेवटी म्हणाल्या.

"नवी येतील की, बाई."

"पावसाळा उलटल्यावर येतील. तोवर हे जगायचं नाही. भोवत्या कोंडून टिकत नाही, हरिबा. जाळीला धडका घेतो, पायांना फोड येतात, खाणं सोडतो. आणि वनखात्याचं सांगणं आहे, शिमग्यापर्यंत उडालं नाही तर कायमचं पिंजऱ्यात द्यायचं. लोकांना बघायला."

"मग?"

"एक करता येतं. पिसाला पीस जोडायचं. पिसाची दांडी आतून पोकळ असते. खाली राहिलेल्या बुडख्यात बांबूची बारीक काडी घालायची, वर दुसरं पीस बसवायचं, गोंदानं चिकटवायचं. कातरलेली कुठं आहेत? तीच जोडू."

आक्का वाड्याच्या दारात उभी होती. तिनं स्वतःच्या तोंडावर हात मारून घेतला.

"चुलीत घातली," मी म्हणालो.

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग शांतपणे सांगितलं, "मेलेल्या भोवत्याची लागतील. असल्याच मादीची. आणि उजव्याच पंखाची, डाव्याची चालायची नाहीत. मी फोन करून बघते. पण आशा धरू नका."

त्या गेल्यावर मी अंगणात बसून राहिलो. आक्कानं ताट आणून पुढं ठेवलं. भाकरी, बेसन, कांदा.

"खा. सकाळपासनं काय न्हाई पोटात."

"आक्का, तुला हितं बोलावलं कुणी हुतं?"

ती थांबली.

"माझ्या घरात कशाला हात लावू नगंस म्हणून किती डाव सांगितलं? ज्याला हात लावतीस त्याचं वाटोळं."

तिनं तांब्या ताटाजवळ सरकवला आणि आत गेली.

सकाळी चूल थंड होती. तिची वाकळ घडी घालून ठेवली होती आणि पिशवी खुंटीला नव्हती. शेजारच्या पोरानं सांगितलं, "धोंडुआज्जी पयल्या गाडीनं गेली."

"कुठं?"

"म्हसवडच्या गाडीत बसली."

म्हसवडकडं तिचं सासर. तिथं ती जाणं शक्यच नव्हतं. नवरा मेल्यावर दिरानं, बाळासोनं, तिला वाटेला लावलं होतं, आणि निघताना वेशीत माती उचलून तिनं म्हटलं होतं, ह्या शिवाराचं पाणी पिणार नाही. तीस वर्षं तिनं ते पाळलं. मग गेली कुठं? माझं घर सोडलं तर तिला आता दुसरं घर नव्हतं.

दोन दिवस मी एकटा होतो. सापळ्यात सापडलेले उंदीर पाखराला टाकायचे. ते लंगडत यायचं, पायाखाली धरायचं, फाडायचं, आणि खाऊन झालं की पुन्हा उडायला बघायचं. प्रत्येक वेळी उजव्या अंगावर पडायचं. बुडख्यांची टोकं घासून चिरायला लागली होती. ती खाली फुटली तर काडी बसायला जागा राहिली नसती. मी खाली कडबा पसरला, खुंट काढून टाकले, दारावर पोतं टाकून अंधार केला. अंधारात ते गप बसायचं. मीही बाहेर गप बसायचो.

मुलाला, सूरजला, फोन केला. तो कुपवाडला कारखान्यात असतो.

"आत्या हितं न्हाई आली," तो म्हणाला. "काय बोललासा तुमी तिला?"

"काय न्हाई."

"आण्णा, काय न्हाई बोलल्यावर माणूस जातंय व्हय?"

मी फोन ठेवला. भाकरी मला थापता येते, पण त्या दिवशी पिठात पाणी जास्त झालं आणि मी परात तशीच ठेवली. सांगलीला राहीचं रक्त शुद्ध करायला न्यायचो, तेव्हा येताना एसटीत ती आक्काच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची. शेवटी शेवटी राही मला ओळखत नव्हती. आक्काला ओळखायची. तिला धुणं, पुसणं, कूस वळवणं सगळं आक्कानं केलं. तिला मी विचारलं होतं, तुला बोलावलं कुणी.

डॉक्टरांचा फोन आला. पुण्यापर्यंत विचारलं, पिसं कुठंच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाट्यावरचा टपरीवाला खताचं पोतं घेऊन आला. "हरिबा, म्हसवडच्या गाडीच्या कंडक्टरनं दिलंय. घाण मारतंय बघ. काय, मढं हाय का काय?"

मढंच होतं. पोत्यात वाळून खडखडीत झालेला भोवत्या होता. पायाला सुतळी बांधलेली, मान लटकलेली, डोळ्यांची भोकं झालेली. मादी, तपकिरी. डावा पंख मुंग्यांनी पोखरला होता. मी उजवा हळूच उघडला.

तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज होता. "पावणं, मी मंगल. बाळासोंची बायकू. थोरल्या जाऊबाईंनी लावाय सांगितला फोन. पोचलं का पाखरू?"

"पोचलं. आक्का तिथं हाय?"

"हाय की. शाळवातल्या राखणीच्या माळ्यावर हाय." मंगल जरा थांबली. मग आवाज खाली आणून भराभर बोलायला लागली. "आवं, ह्येनी शाळवात ते मेलेलं टांगलं हुतं, भोरड्या कणसं खात्यात, त्या बुजाव्यात म्हणून. विजेच्या तारंला लागून पडलं हुतं. मागं बाजारात भेटल्या तवा मीच त्यास्नी सांगितलं हुतं. जाऊबाई परवा आल्या आन् बांधावरच हुब्या राह्यल्या. घरात या म्हणलं तर न्हाई. ह्येनी म्हणलं, काय वयनी, तीस वर्सानं वाट घावली व्हय? त्या म्हणल्या, वाटा मागाय न्हाई आले, ते पाखरू दे. हे म्हणलं, ते न्हेल्यावर राखण कोण करंल? राखणीला माणूस मिळंना. तर म्हणल्या, मी करते, शाळू निघंस्तोवर. आन् चढल्या की माळ्यावर! मी भाकरी न्हेते तर खात्यात, पाणी मातर घेत न्हाईत. फाट्यावरच्या टाकीचं भरून आणत्यात, दोन मैलावरनं."

मी उघडलेला पंख पोत्यावर टेकवला.

"ऐकताय न्हवं?"

"व्हय. तिला सांगा..." मी पंख पुन्हा एकदा उघडून बघितला. "सांगा, उजवा पंख चांगला हाय."

डॉक्टर त्याच संध्याकाळी आल्या. रात्र न करता, उजेड असेपर्यंत काम उरकायचं होतं. मी जुन्या कळकाची कामटी घेऊन काड्या तासल्या. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जरा जाड. डॉक्टर एकेक काडी बुडख्यात घालून बघायच्या आणि परत द्यायच्या. "जाड आहे." मी काचेच्या तुकड्यानं खरवडायचो. "आता सैल." मग दुसरी.

पाखराच्या डोक्यावर त्यांनी कापडाची टोपी चढवली होती. मी ते पोटाशी धरून बसलो. घट्ट धरलं तर छाती दबून जीव जाईल, सैल धरलं तर झटक्यासरशी सगळं मोडेल. त्याचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. माझं मनगट भरून आलं, मग बधिर झालं.

मेलेल्याचं पीस, दोन नळ्यांतला गोंद मिसळून एक थेंब, काडी, बुडखा. मग पीस किंचित फिरवून शेजारच्याच्या ओळीत आणायचं आणि गोंद धरेपर्यंत चिमटीत पकडून ठेवायचं. पाच पिसं बसली. सहावं वाळलेल्या पंखावरच मधोमध मोडलेलं होतं. सुतळीच्या फासात आलं असावं.

"पाचावर उडंल?" मी विचारलं.

"उडायला पाहिजे." डॉक्टरांनी घाम पुसला. "पण यानं चोचीनं ओढून काढली नाहीत तर. नवं काही अंगाला लागलं की ही पाखरं ते साफ करायला बघतात."

दोन दिवस मी जाळीच्या फटीतून नजर ठेवली. पहिल्या दिवशी ते जोडलेली पिसं चोचीत धरून बघत होतं. माझा जीव वरखाली व्हायचा, मग ते सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी उडालं. या टोकापासून त्या टोकाला गेलं. पुन्हा आलं. उजवीकडं अजून जरा झुकत होतं, पण पडलं नाही.

"उद्याच सोडू," डॉक्टर म्हणाल्या. "थांबण्यात राम नाही. पण कुठं सोडायचं? आपल्या माळावरचे भोवत्ये निघून गेलेत. मी काल फिरून आले."

"आक्काच्या सासरी कुरण हाय," मी म्हणालो. "बाळासोच्या रानाला लागून. सांच्याला तिथं बसाय येत्यात. मी मेंढरं न्यायचो तवा बघितल्यात."

सकाळी ऊन जरा तापल्यावर आम्ही दवाखान्याच्या जीपमधून तिथं पोचलो. खोक्यात पाखरू माझ्या मांडीवर होतं. बाळासो बांधावरच उभा होता. डोक्याला टापशी, तोंडात तंबाखू.

"या पावणं. बहिणीला न्ह्यायला आलासा का पाखरू दावायला?"

"पाखरू सोडाय."

"सोडा, सोडा. आमचं मेलेलं न्हेलं, आता जित्तं आणलं. येवार बरा हाय." तो डॉक्टरांकडं वळला. "बाई, केस-बिस न्हाई न्हवं माझ्यावर? मी मारलं न्हाई बरं का."

"नाही. पण आवाज करू नका," डॉक्टर म्हणाल्या.

शाळू पुरुषभर उंच होता, कणसं पांढरी टंच भरलेली. मधोमध चार मेढींवर माळा, आणि माळ्यावर आक्का. तिनं आमच्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. उन्हानं काळी पडली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात गोफण. त्या हाताला चिंधी गुंडाळली होती. मी खाली मेढीजवळ गेलो. तिनं गोफण मांडीवर ठेवली.

डॉक्टरांनी खूण केली. मी बांधाच्या टोकाला गेलो, खोकं खाली ठेवलं, झाकण उघडून मागं सरलो.

पाखरू लगेच आलं नाही. मग एका उडीत काठावर आलं, पिवळ्या डोळ्यांनी एकवार माझ्याकडं बघितलं आणि सुटलं. शाळवाच्या शेंड्यांवरून गेलं. दहा-वीस कदम सरळ गेलं. मग उजवीकडं कललं, सावरलं, पुन्हा कललं, आणि पिकात उतरलं. उतरलं म्हणावं की पडलं, ते आम्हाला दिसलं नाही. कणसं हलली आणि थांबली.

मी पुढं धावलो. डॉक्टरांनी दंड धरला.

"जायचं नाही. आत शिरलात तर घाबरून धाटांत धडपडेल. जोडलेलं सगळं मोडेल."

"आन् पडलं आसंल तर?"

"तरी थांबायचं."

पिकाच्या भिंतीपुढं आम्ही तिघं उभे होतो. दिसत काहीच नव्हतं. वारा नव्हता. वर माळ्यावर आक्का उभी राहिली होती. तिला दिसत होतं. त्या अख्ख्या रानात एकटीला.

"आक्का," मी म्हणालो. मग मान वर करून पुन्हा म्हणालो, "आक्का, दिसतंय का?"

"दिसतंय." ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. "सरीत बसलंय. ढेकळावर."

"जित्तं हाय न्हवं?"

"मान फिरवतंय."

"पंख कसा हाय?"

"खाली सोडलाय."

"उजवा?"

"व्हय."

डॉक्टरांनी माझा दंड सोडला नव्हता. त्यांची बोटं रुतत होती. बाळासोनं तंबाखू थुंकली आणि तोही टाचा उंचावून बघायला लागला.

"आता?"

आक्कानं पदर तोंडावर धरला.

"आगं बोल की!"

मला खाली राहवेना. मी मेढीला पाय लावून चढलो. माळा एका माणसाचा. लाकडं करकरली. आक्कानं सरकून जागा केली आणि काही न बोलता बोट केलं.

पाखरू ढेकळावर बसून उजवा पंख चोचीनं विंचरत होतं. एकेक पीस बुडापासून टोकापर्यंत. पहिलं सोडलं. दुसरं सोडलं. तिसरं धरलं, ओढलं, पुन्हा ओढलं. मानेला हिसडा दिला. पीस निघून आलं. त्यानं ते चोचीत धरलं, मग टाकून दिलं.

"माझ्या हातानं झालं रं हे," आक्का म्हणाली. माझं मनगट तिनं धरलं होतं. चिंधीतून तिच्या तळव्याचे फोड लागत होते. "तू म्हणलास ते खरं हाय."

"खोटं हाय ते," मी म्हणालो. "गप बस. बघ."

चौथ्याला त्यानं चोच लावली. नुसती लावली. मग अंग फुलवून झटकलं, पाय आवळले आणि उडालं.

शाळवाच्या वर आलं तेव्हा पंखातली फट उन्हात साफ दिसत होती. ते उजवीकडं झुकलं. आक्काचा हात आवळला. ते डावीकडं झुकलं, मग दोन्हीकडं हेलकावे घेत, भोवत्ये उडतात तसंच, कुरणावर गेलं. गवताच्या अगदी लगत. टेकाडाला वळसा घातला. मला वाटलं आता खाली बसेल. बसलं नाही. टेकाडाच्या पलीकडं गेलं, आणि जरा वेळानं आणखी पलीकडच्या माळावर एक ठिपका दिसला, मग तोही दिसेना.

"गेलं," आक्का म्हणाली.

खाली डॉक्टर मटकन बांधावर बसल्या. मी नाक शिंकरलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, आक्कानं धरलेला होता. राही गेली तेव्हापासून आलं नव्हतं ते तिथं माळ्यावर आलं, आणि आक्कानं बघून न बघितल्यासारखं केलं.

"आवं वयनी!" बाळासो खालून ओरडला. "पाखरू गेलं, आता शाळू बी घालवता का? ती बघा भोरड्यांची झड आली!"

पश्चिमेकडून काळा ढग उतरावा तशा भोरड्या कणसांवर उतरत होत्या. आक्का गोफणीला हात घालायला गेली. मी आधीच उचलली.

"सोड. तुझा आवाज बसलाय. खाली जा, डॉक्टरीणबाईंच्या गाडीत आपल्या हिरीचं पाणी हाय, कळशीभर आणलंय. पी जा."

"आन् राखण?"

"मी करतो."

"निघंस्तोवर?"

"निघंस्तोवर."

"तुला जमायचं न्हाई. मेंढरामागं फिरलेला तू."

मी खडा घातला, गोफण डोक्यावर फिरवली आणि सोडली. खडा भोरड्यांकडं न जाता बाळासोच्या पायापाशी धप्पदिशी पडला. तो उडी मारून मागं सरला.

"आरं, भोरड्या हाकायच्या हायत्या," मेढीवरून उतरता उतरता आक्का म्हणाली, "दीर न्हवं."

दुसरा खडा मी जरा लांब टाकला.